चार बोटांचं पाऊल

जुनी दारं-खिडक्या आणि दगड विकायचा माझा धंदा, निपाणीत. यंदा रस्ता रुंद करताना एका कंत्राटदाराने ट्रकभर घडीव दगड आणून टाकले आणि मी ते डोळे झाकून विकत घेतले. गोव्याच्या हॉटेलवाल्यांना असलं जुनं फार आवडतं. आठवडा झाला नाही तोच पोलीस दारात. दगड रस्त्याकडेच्या समाध्यांचे निघाले! चोरीचा माल म्हणून जप्त केले आणि ठेवले कुठे, तर माझ्याच आवारात. विकायचे नाहीत, हलवायचे नाहीत, हातही लावायचा नाही, अशी सही माझ्याकडून घेतली. कंत्राटदार मात्र उजळ माथ्याने फिरतोय.

काल दुपारी जवळच्या खेड्यातली नागुबाई नावाची म्हातारी दगडांचं ऐकून आली. दगड बघत बघत एका हातभर दगडापाशी मटकन बसली. त्यावर दोन इवली पावलं कोरलेली होती.

"ह्यो माझ्या पोराचा. पाच दिसांचं हुतं. पुरलं, आनि वर ह्यो बसवला."

"कशावरनं, आक्का?"

"डाव्या पावलाला चारच बोटं हाईत बघा. मालकांनी सोता घडवला. त्यास्नी कुठं येतंय? पाचवं बोट फुटलं. दुसरा आनतो म्हनाले, मीच नगो म्हटलं."

मी मोजली. चारच होती.

मी लगेच ठाण्यात फोन लावला. साहेब माणूस वाईट नाही, पण त्यांचेही हात बांधलेले. मालकीचा पुरावा लागेल म्हणाले. दगडावर नाव आहे का?

मी फोन कानाला धरूनच तिला विचारलं.

"नाव कुठलं घालनार? बारसंच झालं न्हवतं."

मग निकाल लागेपर्यंत काही करता येणार नाही, असं साहेब म्हणाले. निकाल कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

नागुबाईने पदराची गाठ सोडली. "इकत तरी द्या."

"इकता आला असता तर फुकट दिला असता की, आक्का. मला द्यायचाच हक्क न्हाय."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "ऊन लई लागतंय. फडकं तरी टाकू?"

"नगो. पोलिसांनी फोटो काढल्यात. जरा जरी बदललं तर मला आत टाकतील."

बोललो आणि स्वतःचीच चीड आली. नागुबाई उठली, सूर्याकडे पाठ करून दगडाशेजारी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पदर पसरला. सावली पावलांवर पडली.

"आत येऊन बसा, आक्का. चक्कर यील."

"दिवस कलंडला की जाते," ती म्हणाली. "मग न्हाय लागायचं त्येला."