पाटाच्या किल्लीचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किल्ली आहे आणि एका फळ्यावर जळते. लपवून काय उपयोग?

दिंडोरीकडच्या आमच्या गावात धरणाचं पाणी पाटाने येतं. त्या पाटाला लोखंडी दार आहे, दाराला कुलूप आणि कुलपाची मी. नाशिकच्या एका दुकानात घडले, पाठीवर सरकारी नंबर कोरून घेतला आणि हिरामण पाटकऱ्याच्या कमरेला वीस वर्षं लटकले. पाटकरी म्हणजे पाणी सोडणारा सरकारी माणूस. पाणी कधी सुटेल हे विचारायला भले भले बागायतदार त्याच्या मागे फिरत. बोलत हिरामणशी, पण नजर माझ्यावर. मी खुळखुळले की बांधावरची माणसं उठून उभी राहत. केवढा तोरा होता माझा!

मग सरकारने पाटाचा कारभार गावाच्या पाणी वापर संस्थेकडे दिला. हळदकुंकू लावलेल्या ताटातून मी गावाच्या हाती आले. वाटलं, आता देव्हाऱ्यातच बसवतील. पण पहिल्याच बैठकीत ठरलं की दाराला कुलूप नको. कोणाची पाळी कधी, ते समाजमंदिरातल्या फळ्यावर लिहायचं आणि पाणी आधी पाटाच्या अगदी शेवटच्या वावराला द्यायचं. कुलूप दारालाच उघडं लटकत राहिलं आणि मला त्याच फळ्याखाली खिळ्याला टांगलं.

संस्थेची सचिव सुवर्णा रोज ओल्या फडक्याने फळ्याचं तोंड पुसायची. माझ्यावरच्या धुळीवर कोणी साधी फुंकरही मारली नाही. येणारा-जाणारा मान वर करून त्यालाच बघायचा. त्याने ना कधी पाट पाहिला, ना दार उघडलं. आयत्या बिळावर नागोबा! माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. छप्पर गळावं आणि त्याची अक्षरं वाहून जावीत, असं मी रोज मागायचे.

चैत्रात पुंजाची कोथिंबीर माना टाकायला लागली. त्याचं वावर पाटाच्या तोंडाशी, दाराच्या अलीकडे. पाळी मात्र तीन दिवसांनी. भर दुपारी त्याने मला खिळ्यावरून काढलं. पाटाचं दार खाली सोडून पाणी अडवलं, कुलूप लावलं आणि सगळं पाणी आपल्या कोथिंबिरीत वळवलं. मी खुशीत गर्रकन फिरले.

तासाभरात विठाबाई आली. शेवटचं वावर तिचं. खांद्यावर फावडं घेऊन पाटाच्या कडेने चालत आली होती.

"पुंजा, फळ्यावर आज माझं नाव हाय," ती म्हणाली.

"पण मावशी, किल्ली माझ्याकडं हाय."

खरं सांगते, इतकं गोड वाक्य मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

विठाबाई भांडली नाही. "मंग माझं वावर बघ. तिथं उभं राहून हेच बोल," म्हणाली आणि चालू लागली. लाजेकाजेस्तव पुंजा मागे निघाला. मी त्याच्या मुठीत होते.

मी तिथवर पहिल्यांदाच गेले. वांग्याची पानं पार लोंबली होती. पाटाच्या तळात मनगटाएवढी बाभूळ वाढलेली होती. विठाबाईने सांगितलं, हिरामणच्या वीस वर्षांत इथे पाणी कधी पोचलंच नाही, म्हणून ती वाढली. फळ्यावर नाव लागलं, तेव्हा कुठे पहिलं पाणी आलं. पुंजाने मूठ उघडून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो माघारी वळला. परत येऊन त्याने कुलूप उघडलं आणि दार वर उचललं.

मी पुन्हा खिळ्यावर आहे. फळ्यावर अजून जळते, उलट जास्तच. जागचा न हलता त्याने तिथवर पाणी नेलं. मित्रांनो, तुमच्या हाती कधी किल्ली आली, तर आधी शेवटच्या वावरापर्यंत चालून या. मी ते दार हजारदा उघडलं, पण पाणी कुठवर गेलं हे एकदाही पाहिलं नाही.