तांबूचे पाय

चप्, चप्, चप्.

भर दुपारच्या निपचित घरात तेवढाच आवाज. सुनिताचा तांदळाच्या सुपातला हात थांबला. ओटीवर तांबू पुढचे पंजे चाटत होता, आणि चाटता चाटता तोंड उघडं ठेवून नुसता धापा टाकत होता.

"नको रे राजा," ती म्हणाली. तांबूने शेपटी एकदा जमिनीवर आपटली आणि परत चाटायला लागला.

भाताच्या रोपासाठी तिने राब भाजला होता, त्या दिवसापासूनचं हे दुखणं. पालापाचोळा रात्रभर जळून सकाळी वर करडी राख उरली होती. बांधावरच्या झुडपातून ससा उठला. तांबू शिकारीचा कुत्रा; ससा दिसल्यावर त्याला जमीन कुठली दिसते? सरळ राबावरून धावला. वर राख, आत निखारे. परत आला तो कुठला पाय कुठे टेकावा हे न कळल्यासारखा नाचत. पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्या सोलून लालभडक.

तिचा नवरा दिपक वेरावळला, मासेमारीच्या बोटीवर. निघताना म्हणाला होता, चिमी तर तुझीच लेक आहे, पण माझ्या तांबूला जप. दिवाळीपासून झरी गावात भूकंपाचे धक्के बसत होते. घरात कोणी झोपत नव्हतं, अंगणात ताडपत्रीखाली अंथरुणं. तिथे तांबू चिमीच्या पायाशी आडवा पडायचा, म्हणून तर सुनिताचा डोळा लागायचा.

आणि तिने जपलं ते कसं? दिपकच्या भेगाळलेल्या टाचा दरवर्षी बोटीवर जाण्याआधी तीच बुजवून द्यायची. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, काळं तेल टपटप भेगेत सोडायचं. भेग मिटायची, नवरा चालता व्हायचा. तोच बिब्बा तिने तांबूच्या उघड्या मांसावर सोडला. कुत्र्याचा पाय म्हणजे काही माणसाची टाच नव्हे, हे तिच्या मनातच आलं नाही. बिब्बा उतला. पंजे सुजून फोडांनी भरले, आणि चाटून चाटून ओठ, जीभ सगळं सोललं. आता तो पाणीसुद्धा पिईना.

सकाळी दीर येऊन गेला. नविन आणि तांबू, दोघांनी मिळून पालथं घातलेलं रान. नविन उकिडवा बसून कितीतरी वेळ त्याचे कान खाजवत राहिला. मग वर न बघता म्हणाला, "वहिनी, शिकारी कुत्र्याचा जीव त्याच्या पायात. कुजून मरण्यापरीस... सांजचा येतो मी." कशाला येणार, हे तिला कळलं.

चप्, चप्.

सुनिताने सूप बाजूला सारलं. जुन्या लुगड्याची झोळी गळ्यात बांधली, तांबूला आत घेतलं आणि चिमीला म्हणाली, चल. मागे न बघता ती फाट्यापर्यंत जवळजवळ पळतच गेली.

पहिल्या जीपवाल्याने कुत्रा बघून गाडी थांबवलीच नाही. दुसऱ्याने विचारलं, झोळीत काय, पोर का? ती हो म्हणाली. तेवढ्यात तांबूचा कान बाहेर आला.

"कान मोठे आहेत पोराचे," जीपवाला म्हणाला. "बापावर गेला का?" आतली माणसं हसली, सरकून बसली. सुनिताही हसली असती, पण तिला रडू फुटलं.

तलासरीला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पंजे उलटेपालटे करून बघितले. काय लावलं होतं, विचारलं.

"हळद," सुनिता म्हणाली.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. भाजल्याने असे फोड येत नाहीत, आणि तोंड कसं सोललं? खरं कळल्याशिवाय औषध तरी कुठलं द्यायचं? चिमी टकामका आईकडे बघत होती. बाहेर उन्हं कलायला लागली होती. नविन घरून निघाला असेल.

"बिब्बा," ती म्हणाली. "मीच लावला."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या कामाला लागल्या. मिठाच्या पाण्याने धुतलं, मलम लावलं, बोटांच्या बेचक्यांत कापूस घालून पट्टी बांधली. प्लॅस्टिकच्या डब्याचा तळ कापून गळ्यात अडकव म्हणाल्या, म्हणजे चाटणार नाही. राख गार दिसली तरी राबावर सोडायचा नाही. रानातून आला की पंजे धुऊन बोटांमधला काटाकुसळ बघायचा, म्हणजे साधी जखम चिघळत नाही. सुनिता मान हलवत होती. तिला एकच विचारायचं होतं.

"डावा भरून येईल," बाई म्हणाल्या. "उजव्याचं पंधरा दिवसांनी कळेल. तोवर जमिनीला पाय टेकू द्यायचा नाही."

पंधरा दिवस. नविनला एवढंच सांगायचं. फाट्यावर जीपमधून उतरल्यापासून ती तेच घोकत होती, डॉक्टर पंधरा दिवस म्हणाली, पंधरा दिवस थांब भाऊ. डांबर अजून तव्यासारखं तापलेलं. झोळीने मान तुटायला आली होती, पण पाय थांबत नव्हते. मग तिच्या लक्षात आलं, मागे पावलं वाजत नाहीयेत.

चिमी बरीच मागे, रस्त्याच्या कडेच्या सुक्या गवतात बगळ्यासारखी एका पायावर उभी होती. अनवाणी. घाईत चपला ओटीवरच राहिल्या होत्या; जातानाही ती अशीच चालली होती, आणि आता येतानाही.

सुनिता धावत मागे आली, तांबूसकट खाली बसली आणि तिचं पाऊल हातात घेतलं. तळव्यावर चिंचोक्याएवढा फोड टरारून आला होता.

"सांगितलं का नाहीस गं?"

"तुझ्या झोळीत जागा नव्हती."

तांबूने मान वर करून ते पाऊल हुंगलं. चिमीने त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघितलं, मग आईच्या हातांकडे. आणि पाय हळूच मागे ओढून घेतला.

"आये, मला काय लावशील?"