उत्तमरावांच्या वाट्याचं रीळ

जानराव आबाजींनी मला फोन करून विचारलं, बडनेऱ्याहून अकोल्याला जायचं आहे, सोबत येशील का. त्यांना अकोल्याच्या उत्तमरावांना एक गोष्ट विचारायची होती आणि ती फोनवर विचारण्यासारखी नव्हती. फोनवर विचारूनही उपयोग नव्हता, कारण दिवाळीत लकव्याचा झटका आल्यापासून उत्तमराव फोन कानाला लावत, पण बोलत नसत.

गोष्ट एवढीच होती : शेवटी गाडी थांबते का?

हा प्रश्न एका चित्रपटाबद्दलचा होता. जानराव, उत्तमराव, चांदूर बाजारच्या मनकर्णाबाई आणि माझे आजोबा नागसेन मास्तर या चौघांनी तो शाळकरी वयात अमरावतीला एका टॉकीजमध्ये पाहिला होता. टॉकीज आता पडलं, तिथं कपड्यांचं दुकान आहे. चित्रपट आठवडाभर चालला, उतरला आणि परत कुठेच लागला नाही. चौघांची ओळख पुढे बऱ्याच वर्षांनी झाली, तीही जुन्या चित्रपटांच्या वेडातूनच. हा पिक्चर पाहिलेलं दुसरं माणूस आपल्याला भेटलं, याचाच त्यांना इतका आनंद झाला होता की ते त्याचं नाव घेणं सोडून त्याला ‘आपला पिक्चर’ म्हणू लागले.

मी रसायनशास्त्र शिकले, त्यामुळे तो गेला कुठे याचा मला स्वतंत्रपणे पत्ता लावावासा वाटला. चित्रपट जतन करणाऱ्या संस्थांना मी लिहिलं. त्यांच्याकडे नाव होतं, प्रत नव्हती. त्या काळच्या फिल्मचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा असे. डबा दमट, गरम खोलीत राहिला की त्यातून व्हिनेगरसारखा वास सुटू लागतो, आणि तो आम्लाचा वाफारा बाहेर न गेल्यामुळे तीच फिल्म अधिक वेगाने कुजते. म्हणजे तिला जपून, घट्ट झाकून ठेवलं तर ती लवकर मरते. मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आमच्याकडं आहे ना तो पिक्चर, तुले काहून एवढी घाई.

त्यांच्याकडे तो होता तो असा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी चौघे बडनेऱ्याला जानरावांच्या पुढच्या खोलीत जमत. जानराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, घर स्टेशनापासून जवळ. चहा व्हायचा, इतर जुन्या पिक्चरांवर वाद व्हायचे, आणि शेवटी ‘आपला पिक्चर’ तोंडी सांगितला जायचा. सुरुवातीला सगळे मिळून सांगत. मग एकदा पहिल्या गाण्यातल्या नायिकेच्या साडीवरून मनकर्णाबाईंचं आणि आजोबांचं भांडण झालं. आजोबा म्हणाले साडी हिरवी. मनकर्णाबाई म्हणाल्या लाल, आणि मास्तरला बायकांच्या साड्यांतलं काय कळतं. पिक्चर काळा-पांढरा होता, हे दोघांनाही मान्य होतं. तरी त्यानंतर कित्येक महिने ते एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी जानरावांनी पिक्चर चौघांत वाटून दिला. पहिलं रीळ मनकर्णाबाईंचं, दुसरं नागसेनचं, तिसरं जानरावांचं, शेवटचं उत्तमरावांचं. खऱ्या चित्रपटात रिळं कितीतरी जास्त असणार, पण ते आपापल्या वाट्याला रीळच म्हणत. नियम एकच केला : ज्याचं रीळ त्यानंच सांगायचं. दुसऱ्यानं टोकायचं नाही, विचारायचं नाही, इतर कुठे जाऊन सांगायचं नाही. मी मोबाइलवर रेकॉर्ड करते म्हटलं तेव्हा जानराव म्हणाले, “त्याच्यात भरून ठेवलं तं मंग अथी कोन येईन?”

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मनकर्णाबाई गेल्या. कोणालाच जाता आलं नाही. पुढे पुन्हा जमता आलं तेव्हा पहिलं रीळ त्यांचं, आणि खोलीत कोणी बोलेना. तसेच तिघे बसून राहिले. बऱ्याच वेळानं आजोबांनी खाकरून आपलं दुसरं रीळ सुरू केलं. तेव्हापासून तीच रीत पडली. गेलेल्या माणसाच्या रिळात गप्प बसायचं, आणि पुढचा बोलायला लागला की ते रीळ संपलं. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात आजोबा गेले. मी त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसू लागले. त्यांचं रीळ लहानपणापासून ऐकत आल्यामुळे मला येत होतं. ते मी सांगू का, असं विचारलं तर जानराव मान हलवून म्हणाले, “तुवं पायलं काय तो पिक्चर? ऐकलेलं सांगनं म्हंजे चुगली होते, पोरी.”

आता गप्प बसण्याची दोन रिळं झाली होती, मग जानरावांचं, मग उत्तमरावांचं. उत्तमराव अकोल्याहून पॅसेंजरनं येत.

बडनेऱ्याला गाडीत बसल्यावर जानरावांनी मला खरं कारण सांगितलं. त्यांना दोनेक वर्षांपासून ऐकू कमी येत होतं. लाजेपोटी त्यांनी ते उत्तमरावांना सांगितलं नव्हतं. शेवटच्या रिळात उत्तमरावांचे ओठ हलताना दिसायचे, आणि अखेरीला ते उजवा हात वर करायचे. हात वर गेला की पिक्चर संपला, एवढं कळायचं. त्याआधी अनेक वर्षं ऐकलेलं होतं, त्यावर चालून गेलं. पण उत्तमराव आजारी पडले आणि जानरावांनी मनातल्या मनात पिक्चर लावून पाहिला, तर शेवट येईना. पिक्चरमधली बाई तिसऱ्या रिळातल्या लहानशा स्टेशनवर परत येते, या वेळी कंदील तिच्या स्वतःच्या हातात असतो, लांबून गाडी येते, ती कंदील वर करते. पुढे काहीच नाही. त्यानंतर त्यांनी कानाला मशीन बसवून घेतलं.

“सारी जिंदगी गाड्यांमधी गेली माही,” ते म्हणाले, “अन् हेच आठवून नाही राहिलं. तिघंही पुरा पिक्चर घेऊन गेले. मी का अर्धा घेऊन जाऊ?”

उत्तमराव अजून गेले नाहीत, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मूर्तिजापूर गेलं होतं.

मग त्यांनी मला विचारलं, तुला आठवतं का. मी लहान असताना रविवारी तिथे नुसती खेळत असे, आणि आजोबांच्या खुर्चीवर बसू लागल्यावर शेवटचं रीळ लागायच्या आतच मला परतीची गाडी गाठावी लागे. मला तो वर केलेला हात आठवत होता, आणि त्यानंतर मनकर्णाबाई पदरानं डोळे पुसायच्या ते. पण गाडी थांबली तरी माणूस रडतो आणि नाही थांबली तरी रडतो. त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. मी नाही म्हटलं.

मी त्यांना धीर देण्यासाठी एक अंदाज सांगितला. त्यांचं स्वतःचं रीळ त्यांना अजून शब्दन् शब्द पाठ होतं. विसरलं होतं ते नुसतं ऐकलेलं. म्हणजे जे आपण तोंडानं सांगत राहतो ते टिकतं. तसं असेल तर उत्तमरावांचं रीळ उत्तमरावांजवळ शाबूत असलं पाहिजे. जानरावांना हे पटलं. अकोला येईपर्यंत ते बऱ्यापैकी खुशीत होते. आजोबा सायकलवरून पडले पण हातातला भज्यांचा पुडा कसा सोडला नाही, ते त्यांनी मला दोनदा सांगितलं.

उत्तमराव जठारपेठेत मुलाकडे राहत होते. सून रागिणी हिनं दार उघडलं. ती म्हणाली, बाबा दिवसभर पुटपुटतात, आम्हाला काही समजत नाही, तुम्हाला समजलं तर सांगा. खिडकीजवळच्या खाटेवर ते बसून होते. तोंडाची एक बाजू उतरली होती. जानराव त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. ओळख पटल्याची कोणतीही खूण दिसली नाही. जानरावांनी त्यांना हलवलं नाही, मी कोण ओळख, असंही विचारलं नाही. कानातलं मशीन नीट केलं आणि वाकून म्हणाले, “उत्तम्या, गाडी थांबते का गा?”

रिळाबद्दल विचारायचं नाही हा नियम त्यांनी मोडला होता.

उत्तमरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उजवा हात हळूहळू उचलला. जानरावांनी माझा दंड धरला. हात छातीपर्यंत येऊन थांबला आणि उत्तमराव बोलू लागले. शब्द चिकटत होते, पण कळत होते. रात्र आहे. लहानसं स्टेशन. एक बाई एकटीच उतरते. तिला न्यायला कोणी आलेलं नाही. कंदीलवाला कंदील वर धरतो, आणि तिच्या तोंडावर उजेड पडतो.

हे शेवटचं रीळ नव्हतं. हे तिसरं, जानरावांचं रीळ होतं. आणि ते जानरावांच्याच शब्दांत होतं. कंदीलवाल्याच्या नावाआधी जानराव थोडं खोकत, ती जागाही खोकल्यासकट तिथे होती. उत्तमराव स्वतः कधी असं खोकत नसत. माझा अंदाज तिथेच मोडला. त्यांच्याजवळ टिकलं होतं ते ऐकलेलं. सांगितलेलं सगळं गेलं होतं.

जानराव त्यांना थांबवू शकले असते. पण ज्याचं रीळ चालू आहे त्याला टोकायचं नसतं, आणि हे रीळ कोणाचं म्हणावं हेच आता कळत नव्हतं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर उत्तमराव दमून उशीला टेकले. मग एकदम रडवेले होऊन, परक्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, “जानराव गेला, भाऊ. त्याच्या रिळात बोलाले नाई पाह्यजे. पण मले गप बसवत नाई. म्हनून मीच सांगून राह्यलो.”

रागिणी दारात उभी होती. ती काही बोलणार तोच जानरावांनी तिला हातानं थांबवलं.

“बरं केलं तुवं,” ते उत्तमरावांना म्हणाले. “चांगलं सांगतलं.”

परतीच्या गाडीत बसल्याबसल्या त्यांनी मशीन काढून खिशात ठेवलं.

होळीच्या सुमारास रागिणीचा फोन आला. उत्तमराव झोपेतच गेले होते. आम्ही अकोल्याला जाऊन आलो. जानरावांनी त्यांच्या मुलाला चित्रपटाचं काही सांगितलं नाही. सांगून त्याला काय समजणार होतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी बडनेऱ्याला गेले. जानरावांनी नेहमीसारख्या चारही खुर्च्या मांडल्या होत्या. मी आजोबांच्या खुर्चीवर बसले. चहा झाला. दुसऱ्या पिक्चरांबद्दल आज काही बोलणं निघालं नाही. मग मनकर्णाबाईंचं रीळ लागलं आणि आम्ही गप्प बसलो. त्यातच आजोबांचंही आलं. मला ते येत होतं म्हणून मी मनात साधारण कुठवर आलं असेल याचा माग ठेवत होते. नदी झाली, पत्र फाडणं झालं, तिचं घरातून निघणं झालं. आता जानराव खोकतील असं मला वाटलं.

ते खोकले नाहीत. हात मांडीवर ठेवून समोरच्या खुर्चीकडे पाहत राहिले. मी थांबले. त्यांना झोप लागली की काय म्हणून मी पुढे वाकले, पण डोळे उघडे होते.

“आबाजी, तुमचं रीळ,” मी म्हटलं.

“ते कोनाले सांगू?”

मला, असं मी म्हणणार होते. पण मी तो पिक्चर पाहिलेला नव्हता.

“आन् जानराव तं गेला,” ते म्हणाले. “उत्तम्यानं सांगतलं ना.”

आम्ही बसून राहिलो. ऊन खुर्च्यांच्या पायांवरून सरकत भिंतीपर्यंत गेलं. स्टेशनात एक गाडी आली आणि काही वेळानं सुटली. त्यांच्या कानात मशीन नव्हतं. गप्प बसायचं रीळ कधी संपलं हे पुढचा माणूस बोलायला लागला की कळतं. उत्तमरावांचं शेवटचं होतं, त्याच्या पुढे कोणी नव्हतं. त्यामुळे उठायचं केव्हा, हे दोघांनाही कळेना.