रस्त्याकडे पाठ करून

करिष्मा पळायला लागली की शाळेच्या मैदानावरचे बाकीचे खेळ आपोआप थांबायचे. नववीतली पोर, अंगानं काडी, पण सुटायची ती वारं प्यालेल्या वासरासारखी. शिरूर कासारच्या अलीकडचं त्यांचं गाव लहानच. तरी तिथल्या मुलींचा खो-खोचा संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, तो तिच्या पायांच्या जोरावर. असं गाव म्हणायचं आणि करिष्मालाही तसंच वाटायचं.

त्या सामन्याच्या शेवटी समोरच्या संघाची एकच पोर मैदानात उरली होती. करिष्मा तिच्या मागावर होती. तेवढ्यात ती पोर बसलेल्या मुलींच्या मधून सुळकन पलीकडे गेली. खो-खोत पाठलाग करणारीला असं पलीकडे जाता येत नाही. पलीकडे तोंड करून बसलेल्या मुलीला खो द्यावा लागतो. कप्तान स्वप्नाली नेमकी तिथंच बसली होती, हात टेकून, उठायच्या बेतात. पण करिष्मानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. खांबाला वळसा घालून आपणच गाठू, असं तिला वाटलं. वळसा अर्धा झाला आणि वेळ संपल्याची शिट्टी वाजली; सामना हातातून गेला.

"खो काहून दिला न्हाईस?" स्वप्नालीनं विचारलं. तिचा आवाज रागाचा नव्हता, रडवेला होता.

"दिला असता तर काय धरली असतीस तू? तुज्यात दम हाय का तेवढा?"

परतताना जीपमध्ये कुणीच तिच्याशी बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं सरावाला जाणं सोडलं. खेळाचे नागरगोजे सर तिला काहीच बोलले नाहीत. तेच तिला जास्त लागलं.

दिवाळी झाली आणि गाव निम्मं रिकामं झालं. घरोघरची माणसं बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला कारखान्यांकडं निघाली. मागं राहिलेल्या लेकरांसाठी प्राथमिक शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं. नववीच्या मुलांनी शाळा सुटल्यावर तिथं जायचं, कुणी पाढे घ्यायचे, कुणी गोष्टी वाचून दाखवायच्या, असं सरांनी ठरवलं. करिष्माच्या वाट्याला खेळ आला.

"सर, ही शिक्षा हाय का?" तिनं तोंडावर विचारलं.

"शिक्षा कशाची? तुला खेळता येतं. खेळवता येतं का, ते बघ."

खेळवता येत नव्हतं, हे तिला दोन-तीन दिवसांतच कळलं. ती ओरडायची आणि लेकरं घाबरून चुकायची. चुकली की ती आणखी ओरडायची. स्वयंपाक करणाऱ्या, लेकरांचं सगळं बघणाऱ्या वत्सलाबाई दारातून म्हणायच्या, "अगं, हळू बोल की जरा. लेकरं हायती ती, गुरं न्हाईत."

सगळ्यांत जास्त राग तिला आरोहीचा यायचा. आरोही दुसरीत होती. खो-खोत एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं, असं आळीपाळीनं बसायचं असतं. आरोहीला कुठंही बसवा, ती गिरकी घेऊन रस्त्याकडं तोंड करायची. तिला वळवावं, तर पाठ फिरताच पुन्हा तेच. तिच्या एकटीपायी डाव मोडायचा.

एक दिवस करिष्माचा तोल गेला. "सारखं रस्त्याकडं काय बगायलीस? तुजी आई काय आज येणार हाय का? पाडव्याबिगर येत न्हाई ती!"

आरोही रडली नाही. उठली आणि ओसरीवर जाऊन बसली. करिष्मानं तिच्या जागी दुसरीला बसवलं आणि डाव पुढं चालू केला.

डाव संपल्यावर वत्सलाबाईंनी मुरमुऱ्याचा चिवडा वाटायला घेतला. एक वाटी तशीच राहिली.

"आरोही कुटं गेली?"

खोल्या बघितल्या, हौदामागं बघितलं, हाका मारल्या. आरोही नव्हती. तिची कापडाची पिशवीही नव्हती. वत्सलाबाई मटकन खाली बसल्या. "हिच्या मायला काय सांगू आता मी?"

करिष्मा धावत सुटली. थेट फाट्यापर्यंत. तिथं चहाच्या टपरीवाल्यानं लेकरू पाहिलं नव्हतं. तिथून तीन रस्ते फुटत होते, गावामागून शेतातली पाणंद वेगळीच. ती एका रस्त्यानं थोडी पळाली, थांबली, माघारी आली, दुसऱ्यानं पळाली. ऊन उतरायला लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपले पाय अपुरे वाटले.

मग ती वळली आणि शाळेच्या मैदानावर गेली. संघाचा सराव चालू होता. ती कडेला उभी राहिली, तसा खेळ थांबला. कुणीतरी खुसफुसलं. स्वप्नाली पुढं आली.

करिष्माला धाप लागली होती. "वसतिगृहातली आरोही हरवली. माज्यामुळं. मी लई वाईट बोलले तिला." आणि मग, जे तिला कधीच म्हणता आलं नव्हतं ते, "मला एकटीला जमंना. तुमी चला."

स्वप्नालीनं तिच्याकडं क्षणभर बघितलं आणि लगेच संघाकडं वळली. दोघी पाणंदीनं, दोघी नदीकडं, दोघी फाट्याच्या पुढं. "करिष्मा, तू माघारी फिर आन् वत्सलामावशीपाशी थांब. लेकरू परत आलं तर तिथं माणूस पायजे. आन् सरांना फोन लाव."

संघातली सगळ्यात जोरात पळणारी आपण आणि आपल्यालाच थांबायला सांगतेय! पण करिष्मा मुकाट्यानं गेली. सरांना फोन लावला. ओसरीवर बसून राहिली. लहान लेकरं रडायला लागली होती, त्यांना जवळ घेतलं. त्या बसण्याइतकं अवघड तिनं कधी काही केलं नव्हतं.

दिवेलागणीच्या आधी स्वप्नाली आरोहीला कडेवर घेऊन आली. फाट्याच्या पुढं बाभळीखाली सापडली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, "ह्यो रस्ता कारखान्याला जातो का?" करिष्मा पुढं झाली, तशी आरोहीनं स्वप्नालीच्या मानेत तोंड खुपसलं.

त्या दिवशी करिष्मा घरी गेल्यावर जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती वसतिगृहात गेली, पण डाव मांडला नाही. आरोही ओसरीवर बसली होती. करिष्मा थोडं अंतर ठेवून शेजारी बसली आणि रस्त्याकडं बघत राहिली. एक टमटम गेली. एक मोटारसायकल गेली. मग तिनं विचारलं, "तू रस्त्याकडं पाठ काहून करत न्हाईस गं?"

 आरोही हळूच म्हणाली, "माजी आई आली आन् मला दिसलीच न्हाई तर?"

 करिष्मा विचार करत राहिली. मग मैदानात जाऊन तिनं फरशीच्या तुकड्यानं चौकोन आखले, जमलेल्या लेकरांना त्यांत बसवलं आणि आरोहीला बोलावलं.

"हे बग. हितं तू बस, तोंड तिकडं. तुज्या शेजारी मी. माजं तोंड रस्त्याकडं. तुजी आई दिसली की मी तुज्या पाठीवर हात मारीन आन् सांगीन. मग तर झालं?"

"आन् तू पळायला गेलीस तर?"

"मग ह्या पलीकडल्या पोराचं तोंड रस्त्याकडंच हाय की. त्यो बगंल."

पलीकडचं पोरगं लगेच म्हणालं, "माजी बी आई सांग मग, मी तिकडं तोंड केल्यावर."

"सांगते की. निम्म्यांनी रस्ता बगायचा, सगळ्यांसाठी."

आरोहीनं जरा वेळ हिशेब लावला आणि रस्त्याकडं पाठ करून बसली. त्या दिवशी पहिल्यांदा डाव पुरा झाला.

पुढं करिष्मा सरावालाही जायला लागली. संघानं तिला मिठ्या मारल्या नाहीत. पहिले काही दिवस तर तिला नुसतं बसवूनच ठेवलं. ती बसली. बसल्यावर बाकीच्या कशा खेळतात ते तिला दिसलं. स्वप्नालीचं पळणं सावकाश होतं, पण पुढची कुठं वळणार हे तिला आधीच कळायचं. संक्रांतीनंतर संघ उमापूरला मैत्रीपूर्ण सामना खेळायला गेला. तिथं करिष्मानं धावता धावता चारदा खो दिला आणि एकही गडी स्वतः बाद केला नाही. सामना बरोबरीत सुटला. "आज खेळलीस," एवढंच नागरगोजे सर म्हणाले.

पाडव्याच्या आठवड्यात, रविवारी सकाळी करिष्मा लेकरांना जेवायला वाढत असताना, ट्रॅक्टर आले. ताटं तशीच टाकून लेकरं पळाली. आरोहीची आई केशरबाई, उन्हानं काळवंडलेली, हाताला चिंध्या गुंडाळलेली, लेकीला उचलून उभी होती आणि आरोहीचा बाप आश्रुबा नुसताच दोघींकडं बघून हसत होता. आरोहीनं आईला ओढत मैदानात आणलं.

"आई, ही करिष्माताई. हिनं मला खो-खो शिकवला."

केशरबाईनं आखलेल्या चौकोनांकडं बघितलं. "मी बी खेळायचे, सातवीपस्तोर," ती म्हणाली. "मग लगीन झालं." थोडी घुटमळली. "आमाला खेळवतीस का गं एक डाव?"

"चला की!" करिष्मा म्हणाली.

ट्रॅक्टरमधल्या आणखी बायका उतरल्या. कुणी लाजली, कुणी दुसरीला ढकललं. पदर खोचले गेले, चपला कडेला निघाल्या. वत्सलाबाई पीठभरल्या हातानंच येऊन चौकोनात बसल्या. आश्रुबा ट्रॅक्टरवर उभा राहून ओरडायला लागला, "अगं, पळ, पळ! पळ, केशर!"

आणि केशरबाई खरोखरच सुटली. पाच महिने वाकून ऊस तोडलेल्या पाठीनं ताठ होऊन, हसत, खांबाला वळसा घालून. करिष्मा तिच्या मागं होती आणि ती काही केल्या हाताला लागत नव्हती.