आधी मागे बघ

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी चालू इंजिनातून तेलाची पट्टी ओढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली. फडक्यावरचा डाग आधी उजेडात धरला, मग नाकाशी नेला.

"गिअरबॉक्सचं तेल तर नवंकोरं आहे. इतकी पळालेली गाडी आणि तेल सरबतासारखं लाल! कधी बदललंत?"

"मी नाही बदललं. महिनाच झाला गाडी घेऊन. दादाची होती." तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तो तर म्हणाला, गिअरबॉक्सला आजवर कुणाचा हात लागला नाही."

"मग तेल आपणहून आंघोळ करून आलं म्हणायचं."

ती हसली. फडक्याच्या मधोमध बारीक काळी पूड उरली होती.

काल पुलाच्या चढावर इंजिन नुसतंच ओरडत राहिलं होतं आणि गाडी हळूहळू मागे सरकली होती. मागे ट्रक होता. मागच्या सीटवर लेक आनंदाने टाळ्या पिटत होती. पाळणाघर पुलापलीकडे, ऑफिस त्याच्याही पुढे. तो चढ रोजचाच होता.

"चला, मागच्या गल्लीत चक्कर मारू," मिस्त्री म्हणाले. "तुम्हीच चालवा."

लेकीला मागे बसवून तिने पट्टा लावला. बिनक्लचच्या गाडीचा गिअर डीवर, पुढे जायच्या खुणेवर टाकला, मागे वळून लेकीची टोपी सारखी केली, मग हलकेच एक्सलरेटर दाबला. गाडी गुमान निघाली. कोपऱ्यावर थांबून निघतानाही तिने तेच केलं.

"दर वेळी मागे बघता?"

"दादाने लावलेली सवय. डी टाकला की आधी मागे बघायचं, लेक नीट बसलीय ना, मग एक्सलरेटर." तिचा आवाज मऊ झाला. "मामा आहे ना. फार जीव आहे त्याचा."

मिस्त्रींनी तिला गाडी थांबवायला लावली.

"आता बघू नका. डी टाका आणि लगेच दाबा."

इंजिन केकाटलं. गाडी ढिम्म. मग खालून कुणी लाथ घातल्यासारखा दणका बसला आणि ती पुढे झेपावली. लेक रडायला लागली.

"गिअरबॉक्सातल्या प्लेटा झिजल्यात, ती काळी पूड त्यांचीच. पकड यायला वेळ लागतो. तेवढ्यात तुम्ही मागे बघून घेता, म्हणून कळत नाही. नवं तेलही दुखणं थोडे दिवस झाकतं."

"पण दादाला कुठे कळतं यातलं," ती घाईने म्हणाली.

मिस्त्रींनी फडक्याची घडी घातली.

अदलाबदल दादानेच सुचवली होती. तिची छोटी, जेमतेम वर्षाची गाडी त्याला. त्याची मोठी, बिनक्लचची तिला. "भाचीला कसं ऐसपैस होईल," असं म्हणाला होता. आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, म्हणाली होती.

तिने फोन केला तसा तो लगेच आला, तिच्याच छोट्या गाडीतून.

"काय गं चिऊ, घाबरवलंस ना! काय धाड भरलीय गाडीला?" त्याने भाचीचा गालगुच्चा घेतला.

"तेच कळत नाहीये. तू बघ ना जरा चालवून. इथल्या इथे."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही हं," म्हणत तो आत बसला.

ती लेकीला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहिली. मागची सीट रिकामी होती.

त्याने डी टाकला. ब्रेकवरचा पाय काढला. तो पाय एक्सलरेटरवर मात्र गेला नाही. त्याने मागे बघितलं नाही, आरशातही नाही. नुसता अंगठ्याने स्टिअरिंगवर ठेका धरला. खालून दबका धक्का आला तसा ठेका थांबला, पाय एक्सलरेटरवर गेला, गाडी अलगद पुढे सरकली.

"बघ! लोण्यासारखी चालतेय," तो खिडकीतून डोकं काढून म्हणाला.

तिने हात पुढे केला.

"माझ्या गाडीची किल्ली दे, दादा."

"अगं, पण..." त्याने मिस्त्रींकडे बघितलं. ते पाठमोरे होऊन पाने आवरत होते. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि खिशात हात घातला.

छोट्या गाडीत तिने लेकीला मागे बसवून पट्टा लावला. मग ती पुढे येऊन बसली. क्लच दाबून पहिला गिअर टाकला, आणि आधी मागे वळून बघितलं.

लेक नीट बसली होती.