पारा उतरला तो पाण्याचा

मी थर्मामीटर बोलतोय. तापाचा नव्हे हं, कुणाच्या काखेत जाऊन बसणं आपल्याला जमायचं नाही. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला, लांबसडक, काचेचा. कारागिराने बर्फात आणि उकळत्या पाण्यात बुडवून माझ्या अंगावर रेषा आखल्या, तेव्हापासून मी एकदाही खोटं बोललेलो नाही. हे मी छाती पुढे काढून सांगतो.

घोटाळा होतो तो ऐकणाऱ्यांचा. मी पाण्यात उभा असतो, म्हणून मी पाण्याची खबर देतो. पाण्यात मिसळलेल्या पदार्थांनी उष्णता घेतली की दिली, हे तुम्ही ओळखायचं. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता बाहेर टाकतात. पाणी तापतं, मी चढतो. पण त्यांच्यापाशी उरतं कमी, म्हणून एन्थाल्पीतला, म्हणजे त्यांच्याजवळच्या उष्णतेच्या साठ्यातला, बदल ऋण. इथे भल्याभल्यांची भंबेरी उडते.

वहिनीचीही उडाली. लग्नानंतर पुन्हा कॉलेजात आली म्हणून सगळा वर्ग तिला वहिनी म्हणायचा. प्रात्यक्षिक परीक्षेत तिने नवसागर पाण्यात विरघळवला, पाणी गार पडलं, मी खाली आलो आणि ती बोलून गेली, "पारा उतरला, म्हणजे उष्णता बाहेर गेली. ऊष्मादायी, बदल ऋण." झालं, नापास. नवऱ्याने बजावलं, "आता शेवटची खेप. नाही जमलं तर कॉलेज बंद."

तिच्या बाईंनी तिला फार काही शिकवलं नाही. "अगं, पारा कोणाचा उतरला, एवढं आधी विचारत जा," म्हणाल्या.

पुढच्या परीक्षेला पुन्हा नवसागरच तिच्या वाट्याला आला. मी उतरलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मुद्दाम खोडा घातला, "पारा तर घसरला. म्हणजे काहीतरी गेलंच की."

वहिनीचा चेहरा पडला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला फक्त आकडा सांगता येतो.

"गेलं सर," ती हळूच म्हणाली, "पण पाण्याचं गेलं. नवसागराने ते घेतलं. ऊष्माग्राही. बदल धन."

"नक्की?"

"नक्की. पारा पाण्याचा उतरलाय, सर."

ती पास झाली. आज ती याच प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. पारा विषारी म्हणून आम्हा काचेच्या थर्मामीटरना आता रजा मिळाली आहे, जागेवर डिजिटल आलेत. बिचारे चांगले आहेत. पण पोरांनो, तेही नुसता आकडाच देतील, अर्थ तुम्हालाच लावायचा आहे.

आज वहिनीने मला पुसून कापडात गुंडाळायला घेतलं. पोरांशी बोलता बोलता माझा पाऱ्याचा फुगा तिच्या मुठीत राहिला आणि मी सावकाश चढत गेलो. टेबलावर ना नवसागर होता, ना आम्ल. या खेपेला देणारी वहिनी होती आणि घेणारा मी.