उरलेली तेवीस पुस्तकं

लिफ्टवाल्या काकांनी उभ्या जन्मात पुस्तक म्हणून हातात धरलं असेल तर ते नव्या मोटरबरोबर येणारं माहितीपत्रक. घरात वाचनाचं खातं बायकोकडे होतं. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायचं काम करायची आणि दोन नावांच्या मधल्या वेळात वाचायची. मग जेवायला बसलं की वाचलेलं सगळं नवऱ्याला सांगायची, हातवारे करून, आवाज काढून. काका ताटात मान घालून ऐकायचे आणि मधेच विचारायचे, "मग? त्या दिराला कळलं की नाही?"

"थांबा हो, अजून तिथवर पोचलेच नाहीये मी!"

वर्षाच्या पहिल्या दिवशी ती फोनमधल्या वाचनाच्या अ‍ॅपमध्ये आकडा घालायची. यंदाचा आकडा चाळीस होता. पुस्तक संपलं की तिच्या नावाखालचं वर्तुळ जरासं भरायचं आणि ती ते काकांना असं दाखवायची, जसा काही पगारच वाढलाय. सतरा पुस्तकं झाली, आणि एका सकाळी दवाखान्याच्या पायरीवर जरा बसते म्हणाली ती परत उठलीच नाही.

भेटायला येणारे-जाणारे थांबल्यावर लेक आईचा फोन घेऊन बापापाशी येऊन बसली. ती परगावी नोकरीला होती, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं.

"बाबा, आईचं अर्धवट राहिलंय. आपण पुरं करू. थोडी मी वाचते, थोडी तुम्ही. तिच्याच नावावर टाकू."

"मी? अगं, दुकानाची पाटी वाचायची तरी माझे ओठ हलतात."

"हलू देत की. कोण बघतंय?"

काका वाचायला लागले. बायकोच्या कार्डावर ग्रंथालयातून पुस्तक आणायचे आणि कामाच्या इमारतीत गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये, तेलाच्या डब्यावर बसून वाचायचे. खाली कुणी बटण दाबलं की मोटर घरघरायची, दोर सरकायचे, आणि ओळ हरवायची. ग्रीसचे डाग पडू नयेत म्हणून हात आधी दोनदा पुसायचे.

त्यांना एक आशा होती, ती त्यांनी लेकीला सांगितली नव्हती. वाटायचं, बायको जिथून ते सगळं आणत होती तिथे गेलं की ती भेटेल. म्हणून पहिलं पुस्तक त्यांनी तिने सांगितलेलंच निवडलं. त्यातल्या एका सासूने त्यांना आठवडाभर हसवलं होतं, एकदा तर ठसका लागून पाणी नाकात गेलं होतं. पुस्तकात ती सासू चार ओळींत आली आणि गेली. काकांनी ते पान तीनदा वाचलं. हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. ती सासू बायकोनेच घडवली होती, आणि ती आता कुठल्याच पानावर सापडणार नव्हती.

तरी त्यांनी सोडलं नाही. त्याचं कारण निराळं होतं. घरी आल्यावर बायकोचा फोन उघडला की तिचं नाव दिसायचं, खाली वर्तुळ, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत 'वाचन चालू आहे'. तेवढं बघून काका भात लावायला उठायचे.

लेक झपाट्याने वाचत होती. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. काकांचा वेग मात्र कमी कमी होत गेला. वर्ष सरत आलं तेव्हा एकच पुस्तक उरलं, आणि ते काकांच्या हातात होतं. एक पान पुढे जायचे आणि दोन मागे यायचे.

"कुठवर आलंय, बाबा?" लेकीने फोनवर विचारलं.

"चाललंय."

"महिनाभर चाललंय म्हणताय. आहे तरी काय त्यात?"

काका सांगायला लागले. एक माणूस असतो, तो घर सोडतो, नाही, आधी त्याचा भाऊ सोडतो. मग एक बाई येते, तिचं नाव काय बरं. लेक मधेच म्हणाली, "आई असं नव्हती सांगत."

"ते मला माहीत आहे गं."

शेवटच्या रविवारी ती घरी आली. चहा ठेवता ठेवता तिने पुस्तकात खुपसलेला कागद पाहिला आणि गॅस बंद केला.

"बाबा, हा कागद तर गेल्या वेळेपेक्षा मागे आहे."

काकांनी पुस्तक आपल्याकडे ओढलं.

"सोळा वाचलीत मी. एकातलं एक अक्षर आठवत नाही. पान उलटायचं आणि रडायचं. मला संपवायचंय हे. मला सुटायचंय."

"संपल्यावर काय करायचं?" काकांनी विचारलं.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. एका इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत एक बाई सामानाच्या पिशव्यांसकट कोंडली होती. काका हत्यारांची पेटी उचलून गेले.

परत आले तेव्हा बायकोचा फोन टेबलावर उघडा होता. वर्तुळ पूर्ण भरलं होतं. 'अभिनंदन!' असं लिहून वरून रंगीबेरंगी कागदाचे तुकडे पडत होते, तिच्या नावावर. 'वाचन चालू आहे' कुठेच नव्हतं.

"मी टाकलं," लेक म्हणाली.

काकांनी पेटी खाली ठेवली. "मग शेवटचं वाचलं कुणी?"

"कुणीच नाही."

"रागावलात?" तिने बसथांब्यावर विचारलं. काका नाही म्हणाले. दोघांनाही ते खोटं आहे हे कळत होतं. बॅग चढवून देत काका म्हणाले, "पोचलीस की कळव." तिने कळवलं. नंतर तिचे फोन येत राहिले, पण जेवलात का, झोप लागते का, एवढ्यावरच उरकायचे. पुस्तकांचा विषय निघेल म्हणून दोघंही जपून बोलायचे, आणि तो टाळला की बोलायला दुसरं काही उरत नव्हतं.

नव्या वर्षाच्या सकाळी बायकोच्या फोनने विचारलं, यंदा किती पुस्तकं वाचणार? काकांनी शून्य दाबून पाहिलं. फोन ते घेईना. त्यांनी तो बंद करून कपाटात ठेवला.

पुस्तक परत करायला ते ग्रंथालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी कार्ड उलटसुलट केलं. "मुदत संपली हो. नव्या वर्षाचं करू?"

"ज्यांचं आहे त्या नाहीत आता."

"अरेरे. मग बंद करते." त्यांनी कार्डाचा कोपरा कात्रीने कापला. "तुमच्या नावावर काढू का नवीन?"

"नको," काका म्हणाले. "मी वाचत नाही."

सहा पुस्तकं आणि एक अर्धं वाचलेला माणूस हे म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं. बाईंनी मान हलवली आणि पुस्तक मागच्या ढिगावर टाकलं. काकांच्या मागे माणसं उभी होती. काका बाजूला झाले.